मुलांची भूमिती आणि आपले स्वयंपाकघर

(मंडळाच्या वार्षिक हळदीकुंकू समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, हे तुम्हां बहुतेकींना ठाऊक आहे. आमच्या गावची शाळाच सातवीपर्यंत होती. पुढची शाळा दोन कोसांवर. मुलीच्या जातीला इतके लांब पाठवायचे नाही असे घरात ठरले, आणि कंपासपेटी हातात येऊन वर्ष-दोन वर्षे होतात न होतात तोच ती फळीवर गेली. तेव्हा अशा बाईने भूमितीवर बोलावे याचे कोणाला नवल वाटले तर त्यात गैर काही नाही. पण गेली दोन वर्षे दर शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत आम्ही चौघीजणी पहिली ते चौथीच्या मुलांना घेऊन बसतो. "तुम्ही तिथे नेमके करता तरी काय, ते एकदा सर्वांना सांगा," असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. म्हणून उभी राहिले आहे.

भूमिती म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रमेये येतात. पण लहान मुलांची भूमिती निराळी. आकार ओळखणे, ते वळवून पाहणे, एकातून दुसरा काढणे, काय कशात मावेल याचा अदमास घेणे, एवढाच तिचा पसारा. २०२१ साली सरकारने 'निपुण भारत' नावाची मोहीम सुरू केली. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला नीट वाचता यावे आणि साधे गणित यावे हा तिचा उद्देश. त्या साध्या गणितात नुसती बेरीज-वजाबाकी धरलेली नाही. आकारांची आणि जागेची समजही त्यात आहे. म्हणजे हा विषय आता शाळेच्या पहिल्या पायरीवरच आलेला आहे.

आता अडचण कोठे येते ते सांगते. मुले आकारांची नावे पाढ्यासारखी पाठ करतात. भिंतीवर तक्ता असतो, त्यावर एक चौरस, एक त्रिकोण, एक वर्तुळ. चौरस नेहमी आडव्या बाजूवर नीट बसलेला, त्रिकोणाचे टोक नेहमी वर. आम्ही पहिल्याच शनिवारी पुठ्ठ्याचा एक चौरस कापून मुलांना दाखवला. सगळी एका सुरात ओरडली, "चौरस!" मग तोच पुठ्ठा त्यांच्या देखत एका कोपऱ्यावर उभा धरला. एक मुलगा म्हणाला, "काकू, आता तो चौरस नाही, आता ते शंकरपाळं झालं." आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुठ्ठा तोच, कापला नाही, दुमडला नाही. नुसता फिरवला तर त्याचे नाव बदलले!

माझी भाची शिक्षिकेचा अभ्यासक्रम करते. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की हे जगभर असेच असते. हॉलंड देशात व्हान हिले नावाचे एक शिक्षक जोडपे होते. त्या दोघांनी १९५७ साली याच विषयावर आपापले प्रबंध लिहिले. त्यांचे म्हणणे असे की मूल आधी आकार सबंध चेहऱ्यासारखा ओळखते, आपण ओळखीचे माणूस ओळखतो तसा. त्याच्या बाजू किती, त्या सारख्या आहेत का, कोपरे कसे आहेत, हे पाहणे ही पुढची पायरी आहे. ती पायरी वय वाढले म्हणून आपोआप चढली जात नाही. त्यासाठी हाताने करून पाहावे लागते, आणि त्यावर बोलावे लागते.

आणि भगिनींनो, हाताने करण्यासारखे आपल्या घरात जितके आहे तितके कोणत्या शाळेत आहे? शंकरपाळे आपणच कापतो, पोळीची घडी आपणच घालतो, पोलक्याचे कापड आपणच बेततो, ठिपक्यांची रांगोळी आपणच काढतो. मला जे आज सांगायचे आहे ते एवढेच, की ही सगळी भूमितीच आहे. ती मुलांच्या हाती देण्याला आपले शिक्षण कमी पडत नाही. आम्ही करतो त्यांतले पाच-सहा प्रकार सांगते. ऐकून घरी गेल्यावर लगेच करता येतील असेच निवडले आहेत.

पहिला प्रकार कागदाचा. कसलाही वेडावाकडा फाटलेला कागद घ्यावा. त्याला एक घडी घालून ती नखाने दाबावी. झाली सरळ रेषा, पट्टी लागली नाही. आता त्या घडीची कड तिच्याच कडेवर बरोबर बसेल अशी दुसरी घडी घालावी. जो कोपरा तयार होतो तो काटकोन. कागद उलगडला की मध्ये एकमेकांवर तंतोतंत बसलेले चार कोन दिसतात, म्हणून ते चारही सारखे, हे मुलाला आपणहून कळते. मग कागद पुन्हा मिटून मुलांच्या हाती द्यावा आणि घरभर काटकोन शोधायला पाठवावे. दार, पाट, ट्रंक, देव्हारा, फरशी, सगळीकडे मुले कागद लावून येतात. कोठे फट राहते, कोठे कागद मावत नाही. मावत नाही तो काटकोनापेक्षा लहान, फट राहते तो मोठा. लघुकोन आणि विशालकोन हे शब्द त्यानंतर सांगावेत.

या कागदाने एक मोठा गैरसमज जातो. मुलांना विचारावे, "दाराचा कोपरा मोठा की काड्यापेटीचा?" दहांतली आठ-नऊ मुले म्हणतात, दाराचा. दार मोठे, म्हणून कोपराही मोठा. मग तोच कागद दोन्हीकडे लावून पाहायला सांगावे. दोन्हीकडे बरोबर बसतो! बाजू कितीही लांब असोत, कोन म्हणजे त्यांच्यामधली फाक, हे शब्दांनी सांगून लवकर पटत नाही. कागदाने पटते.

ही युक्ती माझ्या डोक्यातली नव्हे. कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे एक इंग्रजी पुस्तक टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासला प्रसिद्ध केले. त्यांना ती कल्पना बालवाडीतल्या कागदाच्या घड्यांवरून सुचली होती. मोठमोठ्या गणितींनी त्या पुस्तकाचे कौतुक केले. लहान मुलांच्या खेळातून केवढे शास्त्र निघते, ते पाहा.

दुसरा प्रकार लाडवाचा. आपल्या बोलण्यात पोळी गोल, बांगडी गोल, लाडूही गोल आणि तेलाचा डबाही गोलच. मग मुलाने वेगळे ओळखावे कसे? पाटाखाली एका बाजूला वीट ठेवून पाट उतरता करावा आणि मुलांना घरातल्या वस्तू त्यावर ठेवून पाहायला सांगाव्यात. चेंडू कसाही ठेवा, गडगडतो. डबा आडवा ठेवला तर गडगडतो, उभा ठेवला तर घसरतो किंवा जागीच राहतो. काड्यापेटी कशीही ठेवा, गडगडत नाही. मुले आपसूक तीन ढीग लावतात. मग डबा कागदावर उभा ठेवून त्याच्या बुडाभोवती पेन्सिल फिरवावी. उमटते ते वर्तुळ. चेंडूचे असे बूड सापडतच नाही. सपाट आकार आणि भरीव वस्तू यांतला फरक इथे कळतो. याच वस्तू कापडी पिशवीत घालून, न पाहता, नुसत्या हाताने चाचपून ओळखायला लावल्या की मुलांना वेळ पुरत नाही.

तिसरा प्रकार वाटाण्यांचा. पांढरे वाटाणे रात्री भिजत घालावेत, सकाळी निथळून पुसून घ्यावेत आणि दात कोरायच्या काड्या त्यांत टोचून आकार करावेत. वाटाणा हा कोपरा, काडी ही बाजू. जर्मनीत बालवाडी सुरू करणाऱ्या फ्रोबेल गुरुजींच्या पद्धतीतही हा वाटाणे-काड्यांचा उद्योग होता. मुलांना आधी एक त्रिकोण आणि एक चौरस करायला सांगावे. दोन्ही टेबलावर उभे धरून वरून बोटाने हलके ढकलावे. चौरस तिरका होतो, कलंडतो. त्रिकोण हलत नाही. असे का, हे मुलांना विचारून गप्प बसावे. आमच्याकडे एका सुताराचा मुलगा येतो. तो तेव्हा म्हणाला, "मांडणी डुलायला लागली की बाबा मागून तिरपी पट्टी ठोकतात." मग त्यानेच चौरसाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पुरेल अशी लांब काडी शोधून आणली आणि ती टोचली. चौरस घट्ट झाला, कारण आता तो दोन त्रिकोणांचा बनला होता. घरी जाताना मुलांनी रस्त्यातल्या पत्र्याच्या शेडच्या कैच्या, विजेचे मनोरे, सायकलची चौकट यांतले त्रिकोण मोजले.

याच सामानातून ८ वाटाणे आणि १२ काड्या घेऊन पेटीसारखा घन होतो, आणि अवघ्या ४ वाटाण्यांत व ६ काड्यांत चारी बाजूंनी त्रिकोण असलेला सूचीसारखा आकार होतो. एक मात्र सांभाळावे. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असेल तर वाटाणे त्याच्या हाती लागू देऊ नयेत, नाकात घालतात. आणि काड्यांची टोके जरा बोथट करून द्यावीत.

चौथा प्रकार ठिपक्यांचा. तीन ओळींत तीन-तीन असे ९ ठिपके काढावेत आणि विचारावे, यांत चौरस किती सापडतात? चार लहान चौरस मुलांना झटकन दिसतात. बाहेरचा एक मोठा थोड्या वेळाने दिसतो. म्हणजे झाले पाच. सहावा मात्र लपलेला असतो. प्रत्येक बाजूच्या मधल्या ठिपक्यांना जोडले की तो तयार होतो, कोपऱ्यावर उभा असलेला. मुले म्हणतात, हे तर शंकरपाळे! मग त्यांना उठवावे आणि रांगोळीच्या कोपऱ्याशी नेऊन बसवावे. तिथून पाहिले की तोच आकार सरळ दिसतो. घडीचा काटकोन त्याच्या चारही कोपऱ्यांत लावून पाहिला, दोऱ्याने बाजू मोजल्या, की शंका उरत नाही. चौथीच्या मुलांना चार ओळींत चार-चार असे १६ ठिपके द्यावेत. त्यांत तिरपे धरून एकूण २० चौरस आहेत. सगळे सापडायला आमच्या मुलांना दोन शनिवार लागले.

पाचवा प्रकार खऱ्या शंकरपाळ्यांचा. पोळी लाटून कातण्याने सारख्या अंतरावर उभ्या रेघा मारायच्या. मग आडव्या रेघा तेवढ्याच अंतरावर काटकोनात मारल्या तर चौरस होतात. त्याच रेघा तिरप्या मारल्या तर आपले नेहमीचे शंकरपाळे होते. त्याच्याही चारही बाजू सारख्याच, पण कोपरे काटकोनी नाहीत. याला समभुज चौकोन म्हणतात. आणि तिरप्या रेघांचे अंतर कमी-जास्त झाले की बाजू सारख्या राहत नाहीत. मुलांनी हे तीनही प्रकार स्वतः कापले, दोऱ्याने मोजले, आणि मग आम्ही ते तळून वाटले. त्या दिवसापासून 'चौकोन म्हणजे चौरसच' हा घोळ आमच्या खोलीत राहिलेला नाही.

सहावा प्रकार तिसरी-चौथीसाठी. गूल खुडून टाकलेल्या १६ काड्या घ्याव्यात. त्या मुलाच्या शेताचे कुंपण. प्रत्येक बाजूला चार-चार काड्या लावल्या तर आत काडीएवढ्या बाजूचे १६ चौरस मावतात. त्याच १६ काड्यांचे ७ लांब आणि १ रुंद असे शेत केले तर आत ७च मावतात. कुंपण तेवढेच आणि शेत निम्म्याहूनही कमी! परिमिती आणि क्षेत्रफळ यांत मोठी मुलेही गोंधळतात; ज्याने हे शेत हाताने मांडले तो सहसा गोंधळत नाही.

प्रकार आणखी पुष्कळ आहेत. चहापत्तीचा खोका कडांवर उलगडून परत जोडणे, कागदी वर्तुळाच्या दोन घड्या घालून त्याचा मध्य काढणे, भेंडीच्या कापाचे ठसे उमटवणे. पण कोणताही प्रकार केला तरी दोन-तीन गोष्टी पाळाव्या लागतात, आणि त्या प्रकारांपेक्षा महत्त्वाच्या आहेत.

एक म्हणजे नाव शेवटी सांगावे. आधी हाताने करू द्यावे, मग डोळ्यांनी पाहू द्यावे, मुलाला आपल्या शब्दांत सांगू द्यावे, आणि मग म्हणावे, "याला समभुज चौकोन म्हणतात हं." आधी नाव सांगितले की मूल नाव घेऊन पळते आणि वस्तूकडे पाहतच नाही. दुसरे म्हणजे उत्तर चुकले तरी "चूक" म्हणू नये आणि बरोबर आले तरी लगेच शाबासकी देऊ नये. दोन्ही वेळा एकच विचारावे, "कशावरून?" म्हणजे मूल पुन्हा वस्तूकडे वळते. तिसरे, अन्नाची नासाडी करू नये. खेळून झालेले वाटाणे वाळवून पुन्हा खेळालाच वापरावेत, आणि कापलेले शंकरपाळे पोटात जावे. आणि कात्री मुलालाही द्यावी, लाटणे मुलीच्याच हाती राहू नये. लाटता-कापताना दोघांनाही सारखेच कळते.

महागड्या साधनांचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या दोन बायकांनी देऊन ठेवले आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. मॉन्टेसोरीबाईंची साधने सुंदर खरी, पण खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नव्हेत. तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने केली, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपल्या तोंडचा 'अंगणवाडी' हा शब्द तिथूनच आला. त्या अंगणात जे जमले ते आपल्या आळीत का जमू नये?

आता शेवटी मनातली गोष्ट बोलते. आपल्या आळीत दुसरीतल्या मुलांनाही शिकवणी लावलेली आहे. का, म्हणून विचारले तर आई म्हणते, "मला काय कळतंय त्यातलं? गणित तर मुळीच नाही." हे वाक्य ती मुलांसमोर म्हणते. मुलगी ते ऐकते आणि मनात धरते की गणित आपल्या जातीला नाही.

आमच्याकडे तिसरीतली एक मुलगी येते. गणितात कच्ची म्हणून तिच्यावर शिक्का बसला होता. विचारले तर ती मान खाली घाली. नऊ ठिपक्यांतला तो लपलेला सहावा चौरस सर्वांत आधी तिने दाखवला. कसा दिसला म्हणून विचारले तर म्हणाली, "आईच्या रांगोळीत रोज असतो." तिची आई चार घरच्या पोळ्या करते. तिला आम्ही बोलावले, तर ती दारातच अडखळली; म्हणाली, "मला सहीपलीकडे लिहिता येत नाही, मी मुलांना काय शिकवू?" तिच्या हाती रांगोळी दिली. तिने मध्ये ७ ठिपके घातले, मग खाली आणि वर सहा, पाच, चार, आधीच्या ओळीतल्या ठिपक्यांच्या बरोबर मध्ये-मध्ये. पट्टी नाही, दोरी नाही, आणि सहा बाजूंचा आकार असा उठून आला की मुले पाहतच राहिली. प्रत्येक बाजूवर चार ठिपके, सगळे मिळून ३७. मुलांनी मध्याच्या ठिपक्यापासून सहा कोपऱ्यांना रेघा काढल्या तर सहा सारखे त्रिकोण निघाले. "काकू, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" असे एका मुलाने विचारले. तिने सांगितले, "माझ्या आईनं." मुलगी शेजारीच उभी होती. त्या दिवशी तिने मान खाली घातली नव्हती.

भगिनींनो, आपल्यापैकी कितीजणींजवळ अशी भूमिती आहे आणि तिला कोणी भूमिती म्हटलेलेच नाही! कापड बेतणारी, गोधडीचे चौकोन जुळवणारी, टोपल्या विणणारी, पत्रावळी लावणारी, प्रत्येकीजवळ काही ना काही आहे. माझी मंडळापुढे एकच विनंती आहे. रिकामे खोके, जुन्या लग्नपत्रिका, बांगड्या, बटणे जे असेल ते मंडळाच्या खोलीत आणून टाकाच. पण त्याबरोबर महिन्यातला एक शनिवारही द्या, आणि आपल्या हाताला जे येते ते येऊन मुलांना दाखवा. आम्ही चौघी तुमच्या मदतीला आहोत. आणि घरी मुलाने गणिताचे काही विचारले तर "मला कळत नाही" असे म्हणण्याआधी त्याच्याबरोबर एक कागद दुमडून पाहा.